पंडिता रमाबाई आणि दुःखाचा प्रश्न



२०२१ सालची गोष्ट. करोनाची दुसरी लाट ओसरत आली होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील त्या साथीत गेले. मी भेटायला गेलो. आई भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या एक वयस्क बाई तिला समजावीत होत्या, "मागल्या जन्मीचं काहीतरी असतं बाई, ते फेडावंच लागतं." मला ते बोलणे रुचले नाही. पण मी तरी काय बोललो? त्या मुलीला म्हणालो, "बाळ, यातही देवाचा काही हेतू असेल." तिने मान वर केली आणि शांतपणे विचारले, "कसला, सर?"

मला उत्तर देता आले नाही. चहा घेतला आणि निघालो. शिक्षकमंडळी ऐकत असतील, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही. आम्हा मास्तरांना गप्प बसणे कुणी शिकवलेलेच नसते!

पुढे काही महिन्यांनी पंडिता रमाबाईंचे लिखाण पुन्हा वाचण्यात आले, आणि त्या मुलीचा प्रश्न नव्याने समोर उभा राहिला. आज त्याविषयीच बोलणार आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष त्यांनी पत्करला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडे. मिळेल त्यावर गुजराण, त्यातलाही बराच भाग दानधर्मात जाई. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत अन्नान्नदशा झाली. भांडी गेली, वस्त्रे गेली, मग रानातला पाला आणि फळे. वडील गेले, त्यांच्यामागोमाग आई गेली. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ, चौथी रमा. उंची कमी, तिरडी खांद्याला पुरेना, म्हणून या पोरीने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. कोस-दीड कोसाची वाट होती.

लवकरच थोरली बहीणही गेली. भाऊ-बहीण पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलमच्या काठी पांघरायला काही नाही म्हणून वाळूत खड्डे खणून, मानेपर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी याच मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले, आणि दोन वर्षे पुरी होण्याआधी पटकीने तेही गेले. पदरात लहानगी मनोरमा. वय अवघे तेवीस.

अशा बाईला त्या काळी समाज काय सांगत होता? जे शेजारणीने सांगितले तेच. नवरा गेला तो तुझ्या पूर्वजन्मीच्या पापाने. म्हणजे दुःख तर आहेच, वर त्याचा गुन्हाही तिच्याच माथी.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. जोतीराव फुल्यांसारखे थोडेच त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुष्कळांना वाटते, की साहेबाच्या देशातला थाट पाहून त्या भुलल्या. त्यांनी स्वतः लिहिलेले कारण निराळे आहे. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना तिथल्या भगिनी मायेने सांभाळीत होत्या, ते त्यांनी पाहिले. अशांना कुणी जवळ घेऊ शकते, हेच त्यांना नवे होते. असे का करता, म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. ख्रिस्ती झाल्यावरही त्या चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्यांच्याशी वाद घालणारी रमाबाईंची पत्रे वाचावीत, बाई मोठी करारी!

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची कथा आहे. शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणतो, दोघांचेही नाही. आणि लगेच त्याच्या डोळ्यांच्या कामाला लागतो. मला वाटते, दुःखाकडे पाहण्याची ख्रिस्ती दृष्टी यात पुरी आली. मागे वळून गुन्हेगार शोधू नका, पुढचे काम पाहा. दुःख चांगले असते, असे मात्र तिथे कुठेही म्हटलेले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवीत होत्या. बातमी आली आणि वीस वर्षांपूर्वीची आपली भूक त्यांना आठवली. तसे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या स्वतः तिकडे गेल्या. उपाशी, अनाथ मुली कुणाच्या हाती पडतात, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांच्यासाठी छपरे उभारली. तेच मुक्ती सदन. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, सारे बायकांच्या हाती. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत.

आपण जे सोसले ते यासाठीच होते का? देवाने हाताला धरून आपल्याला इथवर आणले, अशी रमाबाईंची श्रद्धा होती. पण उपाशी मुलीपुढे त्यांनी आधी ताट ठेवले. हेतूबद्दल आपण बोलावे तर स्वतःच्या दुःखाच्या बाबतीत आणि पुष्कळ वर्षांनी. दुसऱ्याच्या दुःखाचा हेतू सांगायला जाऊ नये. मी त्या घरी नेमके तेच करून आलो होतो.

१९२१ मध्ये मनोरमाबाई आईच्या डोळ्यांदेखत गेल्या. रमाबाईंचे मराठी बायबलचे काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर शंभर वर्षांनी, ४ मे २०२२ रोजी, आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. त्या ठरावाचा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही. रमाबाईंना तो ऐकून काय वाटले असते, एवढेच माझ्या मनात येते.

ती विद्यार्थिनी आता एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. मागे बसस्टँडवर भेटली. तिच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील वारले आहेत. त्याची आई निराधार योजनेच्या कागदांसाठी तहसीलला हेलपाटे घालत होती. शाळा सुटल्यावर हिने तिचे सगळे अर्ज भरून दिले. मी म्हटले, "तुला बरे जमते हे." ती हसली. म्हणाली, "आईचे करताना सगळे पाठ झालेय, सर."