एक जूनच्या बायका

(आंबवडे, ता. भोर येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



सकाळी झुलत्या पुलावरून तुमच्या गावात येताना माझ्याबरोबरची कार्यकर्ती म्हणाली, "आंबवड्याच्या बायकांपुढे विमानाचं काय सांगणार? एस.टी. वेळेवर येते का, ते विचार आधी." मलाही धाकधूक होतीच. पण आत्ता मी विचारलं की ज्यांच्या घरातलं कोणी विमानाने जाऊन आलंय त्यांनी हात वर करा, तर अकरा हात वर झाले. स्वतः बसलेल्या तिघी निघाल्या. एक तर लेकीच्या बाळंतपणाला जाऊन आली. तेव्हा विषय तुमचाच आहे.

विमानाने जाणाऱ्या माणसाची माहिती सरकार सुरक्षेसाठी गोळा करतं. आपलं सरकार करतं, आपण जिथे उतरणार त्या देशाचंही करतं. ही माहिती कुठली, बाईच्या बाबतीत ती कोण भरतं, आणि चुकली तर कोणाला भोगावं लागतं, एवढंच मला बोलायचंय.

माझ्या थोरल्या बहिणीपासून सुरुवात करते. तिला आम्ही अक्का म्हणतो. तिचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं. दोन्ही नावं इथे सांगत नाही, तिला आवडायचं नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. रेशनकार्डावर सासरचं. मतदार यादीत सासरचंच, पण आडनाव आधी. नावात एक 'व' आहे. तो आधार कार्डावर इंग्रजीत 'व्ही' झालाय आणि पासपोर्टावर 'डब्ल्यू'. घरात कोणाचं कधी अडलं नाही.

भाचीचं बाळंतपण आलं आणि अक्का अमेरिकेला निघाली. तिकीट जावयाने तिकडूनच काढलं. त्याने सासूबाईंचं नाव आपल्या अंदाजाने घातलं, 'व्ही' घालून. मुंबईच्या विमानतळावर रात्री अकरा वाजता काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि बाजूला ठेवला. तिकिटावरची बाई आणि पासपोर्टावरची बाई एकच कशावरून? त्याने जन्मतारीख विचारली. अक्का म्हणाली, "गौरी जेवल्या त्या दिवशीची." खरंच आहे, आमच्या आईने तिला तेच सांगितलं होतं. मुलगा बिचारा बघतच राहिला. मग तिला आठवलं, "हां, कागदावर एक जून आहे."

तुम्ही हसताय. बरं, तुमच्यापैकी एक जूनच्या किती? बघा, अर्धा मांडव एक जूनचा! आपल्याकडे शाळा जूनमध्ये भरायची. मूल आणून उभं केलं की मास्तर दात बघायचे, डोक्यावरून हात कानाला पोचतो का बघायचे, आणि वय बसेल असं साल टाकून पुढे एक जून लिहायचे. मुलग्यांचंही तसंच झालं, म्हणा. पण मुलग्याची पत्रिका तरी असायची, निदान वेळ कुठेतरी टिपलेली असायची. मुलीची कोण टिपतो?

आता ही गंमत विमानतळावर गंमत का राहत नाही ते सांगते. अमेरिकेत २००९ पासून 'सिक्युअर फ्लाइट' नावाची पद्धत चालू आहे. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, हे विमान कंपनीने आधी कळवायचं. तिथला संगणक ते संशयितांच्या यादीशी ताडून बघतो. यादीतल्या माणसाच्या नावाचं दुसरं कोणी निघालं तर ओळखायचं कशावरून? जन्मतारखेवरून. आणि आपल्याकडे एका पिढीतल्या इतक्या माणसांची तारीख एकच! त्यात बायकांची नावं ठरावीक, आडनावं गावागणिक दोन-चार. वेगळं ओळखता यावं म्हणून घेतलेल्या माहितीनेच आम्ही एकमेकींसारख्या दिसणार.

अक्काला दोन तास बाकावर बसवून ठेवलं. जावयाने तिकडून फोनाफोनी केली, पैसे भरले, 'व्ही'चा 'डब्ल्यू' झाला. मांडीवर डिंकाच्या लाडवांची पिशवी घेऊन ती बसली होती. नंतर मला म्हणाली, "मी काय केलं होतं गं?" काहीच केलं नव्हतं. नाव सासरने दिलं, तारीख मास्तरांनी, 'व्ही' आधारच्या केंद्रावरच्या मुलाने, 'डब्ल्यू' पासपोर्टाचा फॉर्म भरणाऱ्या एजंटाने, तिकीट जावयाने. तिची म्हणाल तर फक्त सही.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे आपण किती वर्षं सांगतोय. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव लावणं बंधनकारक झालंय. मला त्याचा आनंद आहे. पण मुलाचं, आईचं, वडिलांचं आणि आडनाव, अशी चार नावं तिकिटाच्या दोन चौकटींत कशी बसवायची, हे त्या मुलांच्या आयांना कोणी शिकवणार आहे का?

तपासणी नकोच असं मी म्हणत नाही. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान समुद्रावर उडवून दिलं गेलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब असलेली बॅग विमानात चढली होती, बॅगवाला चढलाच नव्हता. बॅग कोणाची आणि तो माणूस आत बसलाय का, एवढी माहिती त्या दिवशी नीट ताडून पाहिली असती तर? त्यानंतर, १९८७ मध्ये, आपल्याकडे नागरी विमान सुरक्षेचं स्वतंत्र खातं झालं. अशी माहिती जरूर घ्यावी.

पण दुसऱ्याच वर्षीची, सप्टेंबर १९८६ ची गोष्ट ऐका. मुंबईहून निघालेलं पॅन अ‍ॅमचं विमान कराचीत अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतलं. मुंबईत वाढलेली नीरजा भनोत त्या विमानाची पर्सर होती, तेवीस वर्षांचीही पुरी नव्हती. नवऱ्याचं घर सोडून, हुंड्याचा जाच मागे टाकून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली मुलगी. अपहरणकर्त्यांनी हुकूम केला, सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करा. त्यांना अमेरिकन कोण ते हवं होतं. नीरजा आणि तिच्याबरोबरच्या मुलींनी पासपोर्ट गोळा केले आणि अमेरिकनांचे सीटखाली, मिळेल तिथे दडवून टाकले. नीरजा पुढे गोळीबारात गेली, तिला अशोकचक्र मिळालं. आपण तिच्या शौर्याबद्दल बोलतो, बोललंच पाहिजे. पण मला त्या दडवलेल्या पासपोर्टांचं फार वाटतं. विमानतळावरच्या तपासणीत ज्या पासपोर्टाने माणूस सुरक्षित ठरला, तोच त्या रात्री चुकीच्या हातात पडला असता तर माणूस मेला असता. या मुलींना हे कोणी शिकवलं नव्हतं.

चूक झाली तर काय होतं, त्याचीही एका बाईचीच हकिगत आहे. रहिना इब्राहिम ही मलेशियाची, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएच.डी. करणारी. जानेवारी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर चौदा वर्षांच्या मुलीसमोर तिला बेड्या घातल्या. तिची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली, ती चाकांच्या खुर्चीत. ती मायदेशी गेल्यावर तिचा व्हिसा रद्द झाला. कारण सांगेना कोणी. तिने खटला भरला, तो आठ वर्षं चालला, आणि स्वतःच्या खटल्याला हजर राहायलाही तिला येऊ दिलं नाही. २०१४ च्या निकालात कळलं, की एका अधिकाऱ्याने फॉर्ममधल्या चौकटींत खूण उलटी केली होती. आणि हे त्यालाही २०१३ मध्ये, साक्षीच्या वेळी उमगलं. आमच्या मास्तरांच्या एक जूनची मला तेव्हा आठवण झाली.

आता आपल्या सरकारकडे येऊ. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या अर्थखात्याने नियम काढले. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची तिकिटाची नोंद विमान कंपनीने विमान सुटण्याच्या चोवीस तास आधी कस्टम्सला द्यायची. तिकीट कोणी काढलं, पैसे कशाने भरले, फोन कोणता, बरोबर कोण, सामान किती, सगळं त्यात आलं. ते पाच वर्षं ठेवायचं, गरजेप्रमाणे दुसऱ्या तपास यंत्रणांना द्यायचं. चोरटं सोनं, अमली पदार्थ पकडायला हे हवं, असं सांगतात. असेलही. पण मी केंद्रावर येणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी वाचते. मार खाऊन परदेशातून पळून येणारी बाई, तिच्या तिकिटाचे पैसे मैत्रिणीने भरलेले, फोन शेजारणीचा. तिला ज्यांनी आसरा दिला त्यांची नावं पाच वर्षं एका खात्यात पडून राहणार. ती कोण बघेल? तिचा नवरा कोणाच्या ओळखीचा निघेल?

आणि इथे मला आपल्याही पदराखाली बघावं लागतं. कारण याद्या आपणही मागितल्या आहेत. लग्न करून, हुंडा घेऊन परदेशी पळालेल्या नवऱ्यांना विमानतळावर अडवा, त्यांच्या नावाचं लुकआउट परिपत्रक काढा, म्हणून आपण निवेदनं दिली. २०१९ मध्ये केंद्रीय महिला-बालविकास मंत्र्यांनी अशा ४५ नवऱ्यांचे पासपोर्ट रद्द केल्याचं सांगितलं, तेव्हा आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. मीच आणले होते. पण त्याच हत्याराने जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर प्रिया पिल्लईला अडवलं होतं. कोळसा खाणीने उठणाऱ्या महानच्या आदिवासींबद्दल लंडनच्या खासदारांपुढे बोलायला ती निघाली होती. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. ते काढलंय हे तिला विमानतळावर पोचेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्यात यावर वाद आहे. काहीजणी म्हणतात, नवऱ्यांना आधी कळवलं तर ते निसटतील. खरं आहे. मी एवढंच म्हणते, की नाव घालणाऱ्याने कोणाला तरी कारण लिहून द्यावं आणि ठरल्या मुदतीने न्यायाधीशाने ते बघावं. पेढे परत आणायला माझी ना नाही.

देशातल्या देशात जाणाऱ्यांसाठी 'डिजीयात्रा' आली, डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगलोर, वाराणसीला, पुण्याच्या लोहगावला २०२३ मध्ये. फोनमध्ये आधार जोडायचं, चेहऱ्याचा फोटो द्यायचा, मग दारातला कॅमेरा चेहरा बघून आत सोडतो. रांग वाचते हे खरं. चेहऱ्याची नोंद विमान सुटल्यावर चोवीस तासांत पुसतो, असं ते सांगतात. चालवणारी संस्था पूर्ण सरकारी नाही, सरकारच्या विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, उरलेला पाच विमानतळ कंपन्यांचा. त्यामुळे माहिती अधिकारात अर्ज केला तर ती त्या कायद्याखाली येत नाही, असं उत्तर मिळतं.

हे ऐच्छिक आहे, हे लक्षात ठेवा. तरी जानेवारी २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत तक्रारी आल्या, की दारातली माणसं न सांगता फोटो काढून नोंदणी करून टाकतात. "ती काही बोलली नाही, म्हणजे तिची संमती होती", हे वाक्य आपण कोर्टात किती वेळा ऐकलंय! आणि फोन कोणाचा? तुमच्यापैकी किती जणींचा फोन फक्त तुमचा आहे? मुलाच्या फोनमध्ये आईचं आधार, नवऱ्याच्या फोनमध्ये बायकोचा चेहरा. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो घरातल्या माणसांकडून कसा मागायचा, तेही आपल्यालाच ठरवावं लागेल.

तेव्हा पुण्याहून विमानाने जायची वेळ आली तर नको असेल तर "नको" म्हणा. मतदार ओळखपत्र दाखवून साध्या रांगेने जाता येतं, कोणी रागावलं तरी. परदेशी जायचं असेल तर तिकीट काढणाऱ्याला पासपोर्टाच्या पानाचा फोटो पाठवा, आणि तिकीट आलं की एकेक अक्षर स्वतः ताडून बघा. वाचता येत नसेल तर नातीला बसवा शेजारी. अमेरिकेत नावाच्या घोटाळ्यामुळे पुन्हा पुन्हा अडवत असतील तर तिथे २००७ पासून अर्जाची सोय आहे, एक क्रमांक मिळतो, तो पुढच्या तिकिटात घालायचा. आपल्याकडेही प्रवाशाला आपली नोंद बघता यावी, चूक असेल तर दुरुस्त करून घेता यावी, ही मागणी आम्ही लिहून काढली आहे. तो कागद इथे ठेवलाय. वाचल्याशिवाय सही करू नका, आमच्या कागदावरसुद्धा.

चहा आलेला दिसतोय. ज्यांनी आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला बरोबर आणलाय त्यांनी चहा घेऊन या बाजूच्या सतरंजीवर या. आपण तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडून बघू. अकराजणींपासून सुरुवात करू. मघाशी मागून कोणीतरी म्हणालं, "माझं नाव तर चौथंच लागलंय", त्या कोण? त्यांनी आधी या.