ताबोर नांवाची अग्निटेकडी



आजच्या महोत्सवदिनीं आपल्या देवळाविषयीं बोलावयाचें सोडून आम्ही आपणांस दूर अमेरिकेंतील एका टेकडीवर नेत आहों, याची क्षमा असावी. आमचें बोलणें अखेरीस देवळामागेंच येऊन थांबणार आहे.

ओरेगन संस्थानांत पोर्टलंड नांवाचें नगर आहे. त्याच्या पूर्वभागीं, भर वस्तींत, समुद्रसपाटीपासून सुमारें ६४० फूट उंचीची एक वृक्षाच्छादित टेकडी आहे. तिचें नांव ताबोर. ज्या पर्वतावर प्रभूचें रूपांतर झालें असें आपली परंपरा मानते, त्याचें हें नांव एकोणिसाव्या शतकांत एका मेथडिस्ट उपदेशकाच्या पुत्रानें, प्लिंप्टन केली यानें, तिला दिलें. गालिलांतील ताबोर चुनखडीचा आहे. हा मात्र अग्नींतून जन्मला.

ही गोष्ट पुढें कित्येक वर्षें कोणास उमगली नाहीं. टेकडीवर फळबागा झाल्या, घरें झालीं, १९०९ सालीं उद्यानासाठीं जमीन घेतली गेली. आणि १९१२ सालीं तेथें वीटभट्टींतल्या खंगरासारखे हलके, सच्छिद्र दगड आढळले. भूगर्भांतील वायूंनीं फेंसाळलेला रस आकाशांत उडावा, अधांतरीं थिजावा आणि मुखाभोंवतीं खाली पडावा. खळ्यावर ओतलेल्या भाताची जशी रास होते, तशी कांहीं लक्ष वर्षांपूर्वीं ही रास झाली. आज ती निवालेली आहे. (आमच्या सह्याद्रीचा काळा पाषाणही अग्निरसाचाच, परंतु तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं मुख्यत्वें भूमीच्या लांबच लांब भेगांतून वाहत आला.)

आम्हांस खरें नवल वाटतें तें या अग्निटेकडीवरील पाण्याचें. १८९४ व १९११ सालीं तिच्या उतारावर उघडे जलाशय बांधण्यांत आले. बुल रन नदीचें पाणी दूरच्या अरण्यांतून तेथें येई आणि नगर तें पिई. पुढें पिण्याचें पाणी उघड्यावर ठेवूं नये असा कायदा झाला, आणि २०१५ च्या अखेरीस ते जलाशय नळांपासून तोडले गेले. आतां त्यांचा उपयोग काय? पण शेजारचे नागरिक भांडले. २००४ पासून ऐतिहासिक वास्तूंच्या सूचींत असलेले ते जलाशय राहिले, आणि पिण्यास नसतांही त्यांत पाणी ठेवण्यांत येतें.

हें वाचलें तेव्हां आम्हांस आमचीं वसईचीं बावखलें आठवलीं. त्यांच्यावर रहाट फिरत, केळी आणि पानवेली भिजत. नळ आले, बागा आटल्या, आणि एकेक बावखल मातीनें भरून त्यावर इमारत उभी राहिली. विहिरींचें पाणी मचूळ कां झालें, हें मग आम्ही एकमेकांस विचारीत बसलों!

आपल्या देवळामागील बावखल बुजवून तेथें महोत्सवाचा सभामंडप बांधावा, अशी सूचना पुढें आलेली आहे. सूचना करणारांचा हेतु निर्मळ आहे, हें आम्ही जाणतों. संत पेत्राचाही होता. त्यालाही ताबोरावर मंडपच उभारावयाचे होते, तेही तीन. परंतु मंडपास शाळेमागील पडीक जागा पुरेशी आहे. बावखलास दुसरी जागा नाहीं.

समितीची बैठक येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. तत्पूर्वीं ज्यांस सवड असेल त्यांनीं एकवार बावखलाच्या कांठीं जाऊन यावें. पायऱ्या शेवाळल्या आहेत, जपून उतरावें.