फ्रेमवर्कची निवृत्ती आणि मागे उरणाऱ्या नोंदी



संगणकाच्या व्यवसायात नव्या बांधणीचा मोठा गौरव होतो, परंतु जुनी बांधणी जबाबदारीने उतरवणाऱ्याचे नावही कोणी घेत नाही. म्हणून रत्नागिरीतील या पदवीदान समारंभासाठी प्रस्तुत वक्त्याने हाच विषय निवडला आहे.

वेबसाइट तयार करताना काही कामे प्रत्येक वेळी करावीच लागतात: आलेल्या पत्त्यावरून कोणते पान दाखवायचे हे ठरवणे, वापरणाऱ्याची ओळख तपासणे, डेटाबेसमधून नोंदी आणणे आणि त्या पानाच्या साच्यात भरणे. ही कामे एकदाच लिहून ठेवणाऱ्या तयार सांगाड्यास फ्रेमवर्क म्हणतात. आज नावाजलेली कित्येक फ्रेमवर्क मुळात घरगुतीच होती. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात घडलेले जँगो २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तर मुंबईत ऋषभ मेहता यांनी कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून जे काम आरंभले, त्यातून इआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळणारे सॉफ्टवेअर आणि त्याच्या तळाशी असलेले फ्रॅपे हे फ्रेमवर्क उभे राहिले.

ही दोन्ही खुली झाली, अनेकांच्या हाती गेली आणि म्हणून टिकली. जी खुली झाली नाहीत, त्यांपैकी एक प्रस्तुत वक्त्याने या शतकाच्या आरंभी, जँगो प्रसिद्ध होण्यापूर्वी, याच जिल्ह्यातील पतसंस्थांसाठी पीएचपी भाषेत बांधले. कोकणातील पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसे, आणि त्या काळी मायएसक्यूएल या डेटाबेसच्या प्रचलित साठवणीत अर्धवट राहिलेला व्यवहार आपोआप मागे घेण्याची सोय नव्हती. म्हणून त्या फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक व्यवहार आधी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आणि मगच डेटाबेसमध्ये लिहिला जाई. कारकून मंडळी त्या फाइलला रोजकीर्दच म्हणत, आणि ते यथार्थच होते.

या फ्रेमवर्कचा शेवट बाहेरून आला. पीएचपीतून मायएसक्यूएलशी बोलणारी जुनी फंक्शन्स २०१३ पासून कालबाह्य ठरवण्यात आली होती आणि डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या आवृत्तीतून ती काढूनच टाकण्यात आली. पुढे २०१८ च्या अखेरीस पाचव्या आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्तीही थांबली. हा बदल योग्यच होता, कारण त्या फंक्शन्समध्ये वापरणाऱ्याने टाकलेला मजकूर डेटाबेसला दिलेल्या आज्ञेपासून वेगळा ठेवण्याची सोय नव्हती. रोमन लिपीत D'Souza असे लिहिलेल्या डिसोझा या आडनावातील अपॉस्ट्रॉफीनेही असावध आज्ञा मध्येच तुटे, आणि ज्या वाटेने ते चिन्ह शिरे त्याच वाटेने चोरही शिरू शके.

तथापि फ्रेमवर्क उतरवणे हे खरे कठीण काम नव्हते, कठीण होते ते आतील मराठी बाहेर काढणे. युनिकोड, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास ठरावीक क्रमांक देणारे मानक, रुळण्यापूर्वी मराठी मजकूर त्या त्या फॉन्टच्या खाजगी संकेतांत साठवला जाई, आणि तोही डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने. ‘शिल्लक’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी तेथे ‘श’च्या आधी असे, युनिकोडमध्ये ती नंतर येते, ‘कर्ज’ मधील रफार तेथे ‘ज’च्या नंतर असे, युनिकोडमध्ये ‘र’ आधी येतो. फॉन्ट बदलला की अक्षरांची निरर्थक चिन्हे होत, आणि नावांचा अकारविल्हे क्रम तर कधीच लागत नसे.

एका संस्थेस नव्या पुरवठादाराने सांगितले की जुन्या नोंदी वाचता येणार नाहीत, सबब सर्व खाती पुन्हा टंकित करावीत. तेव्हा रोजकीर्दीच्या फाइली कामी आल्या. संकेत बदलणारा प्रोग्रॅम लिहिल्यावर एका निवृत्त रोखपालांनी शेजारी कागदी खातेवही ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचले, आणि खातेदारांच्या वाड्यांची जी नावे कोणत्याही कोशात सापडली नसती, ती त्यांनी स्मरणातून दुरुस्त केली. त्या कामाचे मोल कोणत्याही नव्या फ्रेमवर्कपेक्षा अधिक होते, असे प्रस्तुत वक्त्याचे ठाम मत आहे. परंतु निविदेत त्यासाठी एक ओळही नव्हती. नवी प्रणाली बसवण्यास निधी मिळतो, ती सांभाळण्यास थोडा मिळतो, आणि ती उतरवून नोंदी पुढे नेण्यास काहीच मिळत नाही. ही या व्यवसायाची जुनी अनीती आहे आणि ती आजही चालू आहे.

मोठ्या कंपन्यांची फ्रेमवर्कही यास अपवाद नाहीत. याहूने वाययूआयचा विकास २०१४ मध्ये थांबवला, आणि गूगलच्या अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस संपला. आज पदवीधर जे शिकून बाहेर पडत आहेत, तेही त्यांच्या कारकिर्दीच्या मध्यापूर्वीच उतरवावे लागेल. शेतकऱ्याच्या कर्जाची नोंद मात्र त्याच्या नातवालाही लागेल.

म्हणून एकच आग्रहाची विनंती आहे. प्रकल्प हाती घेणाऱ्या प्रत्येक पदवीधराने पहिल्याच महिन्यात सर्व नोंदी युनिकोडमधील साध्या मजकुराच्या फाइलींत बाहेर काढून दाखवाव्यात, त्यांतील प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत लिहून ग्राहकाच्या हाती द्यावा, आणि या कामाचा मोबदला करारातच मागून घ्यावा.