सहा आठवडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून घरी सोडताना एक कागद हातात देतात. त्यावर औषधांच्या खाली बहुधा एक ओळ असते : सहा आठवडे जड वजन उचलू नये. औषधे आपण दिवसवार लावून ठेवतो. ही ओळ मात्र घडी घातलेल्या कागदात तशीच राहते. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे.

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी माझ्या पत्नीचे गर्भाशय काढावे लागले. गाठी मोठ्या होत्या, त्यामुळे पोट उघडूनच शस्त्रक्रिया झाली. हे मी तिला विचारून सांगतो आहे. ती म्हणाली, "खुशाल सांगा. लोक 'बायकांचं ऑपरेशन' म्हणतात आणि विषय संपवतात."

आम्ही वसईत राहतो. ३० तारखेला ती घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, शेजारच्या ख्रिस्ती घरात आगमनकाळाची पहिली मेणबत्ती लागली. नाताळच्या आधीच्या चार रविवारी हिरव्या पानांच्या चक्रात एकेक मेणबत्ती लावण्याची त्यांची रीत आहे. पत्नी आपले आठवडे त्या मेणबत्त्यांवर मोजू लागली. चारही लागून नाताळ आला, तरी तिचे तेरा दिवस शिल्लक राहणार होते.

दहाव्या दिवशी टाके निघाले. जखम कोरडी होती. भेटायला येणारे म्हणू लागले, "आता अगदी बरी दिसतेस!" खरे सांगायचे तर जपण्याचे दिवस तिथूनच सुरू होतात. वरची कातडी लवकर जुळते. तिच्याखालचा, पोट धरून ठेवणारा थर सावकाश भरतो. तीन महिन्यांनीसुद्धा जखमेच्या जागी मूळच्या सुमारे ८० टक्केच बळ आलेले असते. मधल्या काळात भार पडला, तर तिथे हर्निया होण्याची भीती असते.

तेव्हा घरात जड काय काय आहे, ते आम्ही शोधायला बसलो. भरलेला पाच लिटरचा कुकर, पिठाचा डबा, ओल्या चादरींची बादली, वरच्या फळीवरचे पातेले. ही कामे मी, मुलगा आणि सून यांनी वाटून घेतली. सर्वांत कठीण वजन होते दोन वर्षांच्या नातीचे. ती "दादी, उचल" म्हणून हात पसरायची आणि दादीचेही हात आपोआप पुढे यायचे. मग आम्ही नातीला उचलून तिच्या शेजारी पलंगावर बसवायचो. विश्रांती म्हणजे पडून राहणे नव्हे, हेही डॉक्टरांनी बजावले होते. रोज थोडे चालायचे होते. ती चालायची, आणि चालता चालता स्वयंपाकघरात डोकावून आमच्या फोडणीला नावे ठेवायची!

दरवर्षी नाताळच्या करंज्या करायला ती शेजारी जाते. या वेळी शेजारची मावशी पोळपाट घेऊन आमच्याकडेच आली. पीठ मळले सुनेने, खोबरे किसले मावशीच्या लेकीने आणि पत्नीच्या हातात दिले फक्त कातणे. खुर्चीत बसून तिने सगळ्या करंज्यांच्या कडा कापल्या. तिला कामातून वगळले नव्हते आणि वजनही काही नव्हते. आजारी माणसाला जपायचे कसे, ते त्या मावशीला ठाऊक होते.

आमच्या धर्मात आजाऱ्याला सवलत आहे. उभे राहवत नसेल तर नमाज बसून पढावी, बसवत नसेल तर पडून पढावी. आजारपणात राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात. पत्नी ते सहा आठवडे खुर्चीवर बसून नमाज पढली. मनात येई, ईश्वर जी सवलत स्वतःच्या इबादतीत देतो, ती माणसे चूल-भांड्यांच्या बाबतीत का देत नाहीत?

आणि आमच्याकडे निदान सहा आठवडे होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. एकाने खाडा केला की दोघांच्या मजुरीतून कापतात. आपल्याकडे नाताळ असतो, तेव्हा फडात हंगाम जोरात असतो. तिथे जड म्हणजे डोक्यावरची उसाची मोळी. ती उचलू नको, असे सांगायला डॉक्टर आहे. ऐकायला मुकादम कुठे आहे? या बायांना पगारी सहा आठवडे मिळायला हवेत. ती दया नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

आपल्या घरी मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेच्या दिवसापासून ४२ दिवस मोजावेत आणि शेवटच्या तारखेभोवती कॅलेंडरवर गोल करावा. संध्याकाळी बायकोला "बरं वाटतंय का?" असे विचारू नये. त्याचे उत्तर ती "हो" असेच देणार. "आज काय काय उचललंस?" असे विचारावे. या प्रश्नाला खोटे उत्तर देणे तिलाही जरा जड जाते.