संख्या घटली, मान वाढला का?

लग्नसराई सुरू झाली की चिखली असो, मेहकर असो, नाहीतर मलकापूर असो, एक वाक्य हमखास कानावर येतं. "आता मुलींचे दिवस आले!" बोलणाऱ्याचा हिशोब सरळ असतो. मुली कमी झाल्या, मुलांना मुली मिळेनात, म्हणजे मुलीच्या बापाला आता मान खाली घालायची गरज नाही. हुंडा आपोआप जाईल आणि सून घरात डोक्यावर मिरवेल. ऐकायला हे फार बरं वाटतं. पण खरंच तसं होतं का? आजच्या या भाषणात मला याच प्रश्नाचा तपास करायचा आहे. त्यासाठी मी दोन ठिकाणं तुमच्यासमोर ठेवणार आहे. एक आपला बुलडाणा जिल्हा आणि दुसरं चीनमधली मोठाली शहरं.

आधी घरचं बोलू. 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 908 मुली होत्या. 2011 मध्ये तो आकडा 855 वर आला. त्या वर्षी महाराष्ट्राचा आकडा होता 894. म्हणजे राज्यच मागे पडलेलं आणि आपण राज्याच्याही मागे. सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, दर 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी जिथे लाखोंची गर्दी लोटते, त्या जिल्ह्याची ही स्थिती. 2015 मध्ये केंद्र सरकारने 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' ही योजना सुरुवातीला देशातल्या ज्या शंभर जिल्ह्यांत नेली, त्यांत बुलडाणा होता. ही निवड आपल्या गौरवासाठी झाली नव्हती.

कायदा नव्हता, असंही म्हणता येत नाही. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. तरीही मुली घटत गेल्या, कारण "वंशाला दिवा हवा" ही इच्छा जुनीच होती, फक्त आता तिच्या दिमतीला सोनोग्राफीचं यंत्र आलं होतं.

आता चीनकडे वळू. तिथल्या सरकारने 1979-80 च्या सुमारास एकच मूल हे धोरण आणलं आणि ते 2015 पर्यंत चाललं. आपल्यासारखीच तिथेही मुलाची हौस जुनी. मुलगा नाव चालवणार, म्हातारपणी सांभाळणार, मुलगी मात्र परक्याच्या घरी जाणार. त्यातच सोनोग्राफी पोचली. 2004 च्या सुमाराला तिथे दर शंभर मुलींमागे सुमारे 121 मुलगे जन्माला येत होते. 2020 च्या चिनी जनगणनेत पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा जवळपास साडेतीन कोटींनी जास्त निघाली.

मुलींची टंचाई म्हणजे मुलींचा मान, हे गणित खरं असेल तर आज चीनमधली स्त्री जगात सर्वांत सुखी असायला हवी होती. प्रत्यक्षात काय झालं ते पाहू.

एक गोष्ट नक्कीच चांगली झाली. शहरातल्या ज्या घरांत एकुलती एक मुलगी होती, त्या आईबापांनी सगळा पैसा आणि सगळी हौस तिच्यावरच खर्च केली. वाटणीला भाऊच नव्हता. ती शिकली. आज चीनच्या विद्यापीठांत पदवी घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुली आहेत. कारखान्यात, बँकेत, प्रयोगशाळेत, दुकानात, सगळीकडे त्या कमावत्या आहेत. पण हा फायदा टंचाईने दिलेला नाही, आईबापांनी मुलीवर केलेल्या खर्चाने दिलेला आहे, हे लक्षात ठेवू या.

पुढे या मुली पंचवीस-सत्तावीस वर्षांच्या झाल्या, चांगल्या पगारावर लागल्या आणि लग्नाची घाई करेनाशा झाल्या. तेव्हा 2007 पासून तिथल्या सरकारी प्रसारमाध्यमांनीच त्यांना नाव दिलं, 'उरलेल्या बायका'. देशात साडेतीन कोटी पुरुष जादा, आणि उरलेल्या म्हणून हिणवलं जातंय शिकलेल्या मुलींना!

शांघायमध्ये पीपल्स पार्क म्हणून एक मोठी बाग आहे. तिथे शनिवार-रविवारी लग्नाचा बाजार भरतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना छत्र्या उघडून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक छत्रीवर एक कागद चिकटवलेला. त्यावर वय, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचं घर आहे की नाही, शहराच्या रहिवासाची नोंद आहे की नाही. छत्रीमागे स्टुलावर बसलेले असतात आई नाहीतर वडील. ज्या मुलीचा कागद लावलाय ती सहसा तिथे नसतेच. पुष्कळ मुलींना आपला कागद बागेत लागलाय हेही ठाऊक नसतं. येणारेजाणारे वाकून वाचतात, चष्मा सावरतात, पगाराचा आकडा विचारतात आणि पुढे सरकतात.

आपल्याला हे चित्र परकं वाटू नये. खामगावात किंवा शेगावात वधू-वर परिचय मेळावा भरतो, तेव्हा मंगल कार्यालयातल्या मांडवाखाली यापेक्षा फार वेगळं काय चालतं? बायोडाटा आता मोबाईलवर फिरतो, एवढाच फरक. मुलीच्या रकान्यात रंग आणि उंची, मुलाच्या रकान्यात नोकरी, पॅकेज आणि शेती. "शेती असावी, पण मुलगा शेती करणारा नसावा," ही अट आता आपल्याकडे सर्रास ऐकू येते. त्या अटीमागे मुलीची जी भीती आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पावसावर अवलंबून असलेलं सोयाबीन, कापसाचा भाव, डोक्यावरचं कर्ज, हे सगळं तिने आईच्या घरी पाहिलेलं असतं. पण परिणाम असा, की गावोगाव तिशी ओलांडलेले शेतकरी तरुण बिनलग्नाचे आहेत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापूरला काही तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता आणि गर्भलिंग तपासणीचा कायदा नीट राबवा अशी मागणी केली होती. त्या तरुणांचं दुःख खरं होतं, आणि त्यांनी बोट बरोबर जागी ठेवलं होतं.

चीनच्या खेड्यांतही तेच आहे. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी रक्कम द्यायची, अशी तिथली जुनी चाल. मुली कमी झाल्या तसा तो आकडा फुगत गेला. कर्ज काढून मुलाचं लग्न करायची वेळ आली. ज्यांना तेही जमलं नाही, त्यांच्यासाठी दलाल उभे राहिले. व्हिएतनाम, म्यानमार, लाओस, कंबोडियातून बायका फसवून आणल्या आणि विकल्या गेल्या. 2022 च्या जानेवारीत जिआंगसू प्रांतातल्या एका गावातलं चित्रीकरण चीनभर पसरलं. एक आई, आठ लेकरांची आई, ऐन थंडीत एका पडवीत गळ्याला साखळी बांधून ठेवलेली. तपासात निघालं की तिला पूर्वी विकत घेऊन आणलं होतं. देश हादरला. पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली.

श्रोतेहो, ज्या वस्तूची टंचाई असते तिचा भाव वाढतो, हे खरं. पण बाई ही वस्तू आहे असं एकदा धरलं, की वाढलेल्या भावाचा उपयोग तिला होत नाही. तो होतो विकणाऱ्याला आणि दलालाला. पैसे मोजून बायको आणण्याच्या आणि त्यातून होणाऱ्या फसवणुकीच्या बातम्या आता मराठी वर्तमानपत्रांतही येतात. त्या वाचून "मुलींचे दिवस आले" म्हणायची माझी तरी जीभ रेटत नाही.

मग मान येतो कशाने? मला वाटतं, दोन गोष्टींनी. एक, तिच्या नावावर काही असण्याने. दुसरी, तिला "नाही" म्हणता येण्याने.

पहिली गोष्ट घ्या. चीनच्या शहरात लग्नासाठी मुलाकडे घर हवंच, अशी रीत आहे. ते घर बहुतेक वेळा मुलाचे आईबाप घेऊन देतात आणि कागद मुलाच्या नावाने होतात. 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला की घटस्फोट झाला तर घर ज्याच्या नावावर त्याचंच. लग्नानंतर बायकोनेही हप्ते भरले असतील तर तिला भरपाई, पण घर नाही. इतकी वर्षं कमावलेली बाई एका कागदाने घराबाहेर.

आपल्याकडे तोच कागद सातबाऱ्याचा. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये दिला, आणि वडील 2005 च्या आधी वारले असले तरी तो हक्क लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. पण वडील गेल्यावर काय होतं, ते आपण सगळे पाहतो. दिवसकार्य आटोपतं, मग बहिणींना तालुक्याला बोलावणं येतं. हक्कसोड पत्र तयारच असतं. बहीण सही करते, कारण सही केली नाही तर माहेर तुटेल, भाऊबीजेला दार बंद होईल, ही धास्ती तिला असते. निंदण तिने केलं, कापूस तिने वेचला, पण सातबाऱ्यावर ती नाही. पश्चिम विदर्भात शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर त्याच्या विधवेला तलाठ्याकडे ज्या खेपा घालाव्या लागतात, त्याचं मूळ इथे आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं, तेव्हा शेतकऱ्यांनी स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन करून दिली होती. ते करणारे साधे शेतकरीच होते. म्हणजे हे होऊ शकतं.

दुसरी गोष्ट, "नाही" म्हणण्याची. चीनच्या झेंगझोऊ शहरातल्या सू मिन यांची हकिगत आता जगभर माहीत आहे. पन्नाशी उलटलेली, तुटपुंजं निवृत्तिवेतन घेणारी ही बाई. घरात नवऱ्याचा जाच आणि मार. मुलीचं लग्न झालं, जुळी नातवंडं बालवाडीत जायला लागली, तोवर तिने सगळं सोसलं. 2020 च्या सप्टेंबरमध्ये तिने आपल्या छोट्या पांढऱ्या गाडीच्या टपावर तंबू चढवला आणि एकटी निघाली. गाडी चालवताना ती स्वतःचं चित्रीकरण करायची आणि बोलायची. ते ऐकून लाखो चिनी बायकांनी तिला लिहिलं की हे आमचंच आहे. पुढे तिला घटस्फोट मिळाला, पण त्यासाठी नवऱ्याला पैसे तिलाच द्यावे लागले. चीनमध्ये नोंदवलेली लग्नं 2013 मध्ये सुमारे 1 कोटी 35 लाख होती. 2024 मध्ये ती 61 लाखांवर आली. शहरातल्या शिकलेल्या मुली आज मोठ्या संख्येने लग्नालाच "नको" म्हणत आहेत. सरकार आता तीन मुलांची परवानगी देतं, सवलती देतं, तरी लोकसंख्या 2022 पासून घटते आहे. ज्या घरात मान नाही, त्या घरात जायला कमावती मुलगी राजी होत नाही, एवढाच याचा अर्थ.

आणि हा प्रश्न समजून घ्यायला आपल्याला चीनपर्यंत जायचीही गरज नाही. तो आपल्या बुलडाण्याच्याच एका लेकीने 1882 मध्ये विचारून ठेवला आहे. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक विचारांचे, सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांनी मुलीला शिकवलं. सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. त्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. त्या संतापातून ताराबाईंनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. पुण्यात ते छापलं गेलं. त्यांचं म्हणणं थेट होतं. जे दुर्गुण बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? बायको मेल्यावर पुरुष दुसरी करतो, मग विधवेनेच जन्मभर का जळावं? टीका एवढी झाली की ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूने जाहीर उभे राहिले. पुढे नव्वद वर्षं पुस्तक विस्मरणात गेलं. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं.

ताराबाईंनी बायका किती आहेत, हे मोजलं नव्हतं. पुरुषाला एक न्याय आणि बाईला दुसरा, हे कशाच्या आधारावर, एवढंच त्यांनी विचारलं. शांघायच्या छत्र्यांना आणि आपल्या मेळाव्यांना आज तोच प्रश्न विचारावा लागतो. रूढी खेड्यातून शहरात येते तेव्हा तिचा पोशाख बदलतो, स्वभाव तोच राहतो. तो बदलतो फक्त विचारणाऱ्या माणसांमुळे.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. मुली कमी झाल्या म्हणून त्यांचं भलं होईल, या भरवशावर राहू नका. घरात मुलगी असेल तर तिच्या शिक्षणाचा खर्च मुलाच्या बरोबरीने करा. तिचा बायोडाटा बाहेर पाठवण्याआधी तो तिला वाचायला द्या, आणि तिने नाही म्हटलं तर ते ऐका. बहिणीपुढे हक्कसोड पत्र ठेवू नका. घरधनिणीचं नाव घराच्या कागदावर आणि सातबाऱ्यावर चढवा. त्यासाठी तालुक्याला एक खेप घालावी लागेल, ती या हंगामातच घाला. आणि सोनोग्राफीच्या खोलीत बेकायदा सौदा होत असल्याचं कानावर आलं तर गप्प बसू नका, तक्रार करा. ताराबाईंच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसांकडून एवढी अपेक्षा करायला हरकत नाही.