काळ्या पडद्यावरची बैठक



आज मी कवितेवर बोलणार नाही. कविता मध्येच आली तर तिला मी अडवू शकणार नाही, ते वेगळं. पण बोलायचं आहे ते एका काळ्या पडद्याविषयी.

२०१२ सालचा पावसाळा. पावसाळा आपला नावाला. त्या वर्षी बीड जिल्ह्यावर पाऊस रुसला होता आणि अंबाजोगाईत आमच्या गल्लीत टँकरपुढे घागरींच्या रांगा लागत होत्या. माझा धाकटा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. संध्याकाळी सातच्या सुमाराला तो जुन्या कॉम्प्युटरसमोर बसायचा. पडदा काळा, आणि त्यावर बारीक अक्षरांच्या ओळी एकामागून एक वर सरकत असायच्या. चित्र नाही, आवाज नाही. लोडशेडिंग सुरू झालं की उठायचा, रात्री उशिरा वीज आली की पुन्हा बसायचा.

मी पडले आई. ते दिवस कसे होते हे तुम्हाला आठवत असेल. आमच्यासारख्या नावाच्या घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री अनोळखी माणसांशी काळ्या पडद्यावर लिहून बोलतो, ही गोष्ट शेजारणीला सांगायचीही सोय नव्हती. पोटात गोळा यायचा. एका रात्री मी स्टूल ओढून शेजारी बसले आणि म्हटलं, "वाच मोठ्यानं. एक ओळ गाळायची नाही."

"अम्मी, तुला नाही कळणार."

"न कळणारं मी पुष्कळ ऐकलंय. वाच."

त्यानं वाचलं. शाळा चालली होती. पश्चिम बंगालातल्या दुर्गापूरच्या लिनक्सप्रेमींचा एक गट आहे, कुशल दास यांनी सुरू केलेला. हा गट २००८ पासून दर उन्हाळ्या-पावसाळ्याच्या संधीवर मुक्त सॉफ्टवेअरचं शिक्षण देत आला. फी नाही, इमारत नाही. वर्ग भरायचा तो या काळ्या पडद्यावर. कोणी पुण्यातून, कोणी केरळातून, आणि एक आमच्या अंबाजोगाईच्या गल्लीतून. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची घडण सगळ्यांना उघडी असते, कोणीही वाचावी, सुधारावी, पुढे द्यावी. लिनक्स, फायरफॉक्स ही त्यातलीच.

वर्गाची रीत मला फार आवडली. आधी हजेरी. मग शिकवणारा बोलत असताना मध्ये कोणी बोलायचं नाही. शंका असेल तर नुसतं उद्गारचिन्ह टाकायचं आणि थांबायचं. तुमचा नंबर आला की विचारायचं. मुशायऱ्यात शमा ज्याच्यापुढे येते त्यानंच वाचायचं, तसं. मोबाइलवर लिहितात तसली तुटकी अक्षरं चालत नाहीत, शब्द पूर्ण लिहायचा. हा नियम ऐकून तर मी त्या माणसांना मनातल्या मनात दुवा दिली.

आता हजेरीचं सांगते. हजेरीला प्रत्येकानं आपलं पूर्ण नाव लिहायचं. माझ्या मुलानं लिहिलं. आणि माझे डोळे पुढच्या ओळीवर खिळले. मला सवय आहे हो. तीस वर्षं मी मराठीत कविता लिहिते. मुकुंदराजांची समाधी ज्या गावात आहे, त्या गावात वाढले. तरी संमेलनात माझं नाव पुकारलं गेलं की कोणीतरी मायेनंच विचारतं, "तुम्ही इतकं छान मराठी कसं काय बोलता?" घरात आम्ही दखनी बोलतो, पण मराठी काही मी पाहुणी म्हणून शिकले नाही. तर मी पुढच्या ओळीची वाट बघत होते. पुढची ओळ आली. ते दुसऱ्याच कोणाचं तरी नाव होतं. त्याच्यानंतर आणखी एक. हजेरी संपली आणि शिकवणं सुरू झालं.

म्हणून तिथे सगळे संत बसलेत असं नाही. भांडणं होतात, नवख्याला फटकारतात. मी विचारलं, यात मुली किती? त्यानं मोजून सांगितलं, दोन. मी म्हटलं, मग तुमचा मुशायरासुद्धा आमच्यासारखाच.

या व्यवस्थेचं नाव इंटरनेट रिले चॅट. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन या तरुणानं ती १९८८ च्या ऑगस्टमध्ये तयार केली. रिले म्हणजे एकानं दुसऱ्याच्या हाती देणं. तुमची ओळ जवळच्या सर्व्हरकडे जाते, तो ती पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. मधला दुवा तुटला तर निम्मी माणसं एकदम बैठकीतून नाहीशी होतात आणि थोड्या वेळानं सगळी परत येतात. मुलगा म्हणाला, "बघ अम्मी, लोडशेडिंग इथंही आहे." नुसती अक्षरंच जायची असल्यामुळे आमच्याकडच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवरही हे चालायचं. तेव्हा एक फोटो उघडायला चहा उकळून व्हायचा.

एका ओळीला मर्यादा ५१२ बाइटांची, १९९३ सालच्या नियमावलीतच लिहिलेली. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. 'क्षमा' एवढाच शब्द, पण पंधरा बाइट. म्हणजे मराठीत बोलायचं तर दीडशे-एकशे साठ चिन्हांत आटपायला हवं. गझल लिहिणाऱ्याला याचं काय भय? पण हिशेब इंग्रजीच्या मापानं मांडलेला होता, हे मला खटकलं आणि अजून खटकतं.

मला स्वतःला त्या बैठकीचा उपयोग झाला तो एका अक्षरामुळे. मुलानं माझ्या कविता लिनक्सवर टाइप करायला घेतल्या. सगळं नीट, पण 'वाऱ्यावर' हा शब्द आला की 'र' उडी मारून 'य'च्या डोक्यावर रफार होऊन बसायचा. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. मराठी माणसाला 'आचार्य' आणि 'आचाऱ्या' यांतला फरक जिवाचा आहे. एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. हिंदीला त्या अर्ध्या 'र'ची गरज नाही, म्हणून मला वाटलं, आपलं अक्षर यंत्रवाल्यांनी विसरूनच टाकलं.

मुलानं प्रश्न भारतीय भाषांवर काम करणाऱ्यांच्या एका चॅनेलवर टाकला. उत्तर लगेच येत नाही. तिथली पद्धतच अशी, की "विचारू का?" असं विचारायचं नाही, सरळ विचारायचं आणि वाट बघायची. कोणी जेवायला गेलेलं असतं, कोणाकडे रात्र असते. चार तासांनी कोणीतरी दोन ओळी लिहिल्या. 'र' नको, खाली टिंब असलेला 'ऱ' घ्या, मग हलन्त, मग 'य'. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'र'ची कळ. बस. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. टोपणनाव होतं एक, तेही विसरले. अक्षर विसरलेलं नव्हतं, आधीच कोणीतरी त्याची सोय करून ठेवली होती. 'ॲ' हे अक्षरसुद्धा असंच, २००८ साली युनिकोडच्या यादीत आलं. त्याआधी 'अ'वर चंद्र चढवून वेळ भागवत होते.

टोपणनावाचं आम्हा शायरांना काय नवल! आमच्याकडे तखल्लुस, त्यांच्याकडे निक. फरक एवढाच, की तिथे ते पासवर्ड देऊन नोंदवता येतं, मग दुसऱ्यानं घेतलं तरी तुम्ही ते परत मागू शकता. मीही हौसेनं म्हटलं, माझं तखल्लुस नोंदव. ते कोणीतरी आधीच घेतलेलं होतं! मला शेपटीला आकडा जोडून घ्यावा लागला, एसटीच्या गाडीसारखा.

ही सगळी मंडळी जिथे जमायची त्या जाळ्याचं नाव फ्रीनोड. रॉब लेव्हिन या अमेरिकन माणसानं ते उभं केलं, २००२ मध्ये त्याला हे नाव मिळालं. २००६ मध्ये सायकलवर असताना मोटारीची धडक बसून तो गेला. पुढे स्वयंसेवकांनी ते चालवलं. जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची हजारो माणसं एका वेळी तिथे असत. पण फुकट चालणाऱ्या जागेलासुद्धा कागदावर मालक असतो, हे २०२१ च्या मे महिन्यात कळलं. जाळ्याचा ताबा एका उद्योजकाकडे गेला असं म्हणत स्वयंसेवकांनी एकगठ्ठा राजीनामे दिले. उद्योजकाचं म्हणणं वेगळं होतं. १९ मे रोजी त्या स्वयंसेवकांनी लिबेरा नावाचं नवं जाळं जाहीर केलं, या वेळी स्वीडनमध्ये ना-नफा संस्था नोंदवून. काही दिवसांनी जुन्या जागी ज्या चॅनेलांच्या पाटीवर नव्या पत्त्याचा उल्लेख होता, अशी शेकडो चॅनेलं व्यवस्थापनानं ताब्यात घेतली. आणि जूनमध्ये तिथलं नावांचं दप्तरच कोरं झालं. तोवर उबुंटू, फेडोरा, विकिपीडियावाले आपापलं बिऱ्हाड घेऊन निघालेही होते.

तेव्हा करोनाची दुसरी लाट होती. मुलगा पुण्याची नोकरी घरूनच करत होता. गावात रोज कोणाची तरी बातमी यायची. आणि हा रात्री जागून कुठल्या अदृश्य गावाचं स्थलांतर बघत होता. मला आधी राग आला. मग पाहिलं, तर पडद्यावर तीच माणसं, तीच नावं, तेच उद्गारचिन्ह, नुसता वरचा पत्ता बदललेला. आमच्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या गाड्या मी लहानपणापासून बघते. त्यांना जावंच लागतं. ही मंडळी मात्र आपल्या मर्जीनं निघाली होती. असं निघता येणं हीसुद्धा एक श्रीमंतीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलानं मला उठवलं. म्हणाला, "अम्मी, नव्या जागी नावांची वही कोरी होती. तुझं तखल्लुस नोंदवलं. आकडा नाही आता."

पासवर्ड मात्र अजून त्याच्याकडेच आहे.