'नायकन' : हिशेब केळकरच्या घरी चुकतो

मणिरत्नम दिग्दर्शित 'नायकन' १९८७च्या दिवाळीत तमिळमध्ये प्रदर्शित झाला. कथा मात्र मुंबईतली, धारावीतली. वेलू नायकरच्या भूमिकेसाठी कमल हासन, छायाचित्रणासाठी पी. सी. श्रीराम आणि कलादिग्दर्शनासाठी थोटा तरणी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. धारावीचे बोळ तरणी यांनी मद्रासच्या व्हीनस स्टुडिओत उभे केले होते. इळैयराजांचे संगीत, 'गॉडफादर'ची छाया आणि त्याचा १९८८चा हिंदी अवतार 'दयावान' हे विषय रसिकांच्या परिचयाचे आहेत. तुलनेने दुर्लक्षित राहिले आहे ते इन्स्पेक्टर केळकरचे घर. चित्रपटाचा खरा कणा तेच आहे.

कथेतला पहिला गुन्हा पोलिसांचा आहे. तुतिकोरीनमध्ये कामगार पुढारी असलेल्या बापाचा ठावठिकाणा मिळावा म्हणून पोलीस लहानग्या वेलूला सोडून देतात, त्याच्या मागावर राहतात आणि बापाला गोळी घालतात. सूड घेऊन मुंबईत पळालेल्या या पोराला हुसेनभाई आसरा देतो. पुढे केळकरच्या कोठडीत हुसेनभाईचा जीव जातो आणि त्याला आत्महत्येचे रूप दिले जाते. वेलू केळकरला भर वस्तीत ठार करतो. साक्ष द्यायला कोणीही पुढे येत नाही.

ही शांतता केवळ धाकाची नाही. ती समजण्यासाठी दारूबंदीकडे वळावे लागते. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारू थांबली नाही, ती हातभट्टीत गेली. भट्टी खाडीच्या कडेला, माल रबरी ट्यूबमधून वस्तीत आणि प्रत्येक टप्प्यावर पोलिसांचा हप्ता, अशी साखळी तयार झाली. कायदा जितका कडक, तितकी त्याकडे डोळेझाक करण्याची किंमत अधिक. ज्याच्या हाती धाड घालण्याचा अधिकार होता, त्याच्याच हाती धाड न घालण्याचा धंदाही आला. वेलूच्या पात्रामागची प्रेरणा मानले जाणारे वरदराजन मुदलियार याच धंद्यात वाढले. व्ही. टी. स्थानकावरचे हमाल ते माटुंगा-धारावीचे 'वरदाभाई' या प्रवासात हातभट्टीचा वाटा मोठा होता. माटुंगा स्थानकाबाहेरचा त्यांचा गणपती गाजलेला होता. वर्दीकडून न्याय मिळण्याची आशा सुटलेली माणसे तंटे घेऊन अशाच दारी जात. पडद्यावरची वस्ती वेलूला याच कारणाने झाकून ठेवते.

पण मणिरत्नम केळकरला नुसता खलनायक ठेवून पुढे जात नाहीत. त्याच्यामागे विधवा आहे, अजित हा बौद्धिकदृष्ट्या अपंग मुलगा आहे. त्यांच्या चरितार्थाचा भार वेलू उचलतो. भ्रष्ट पोलिसाला मारल्याने अन्याय मिटला नाही, एक घर मात्र पोरके झाले, हे त्याला उमगते. प्रायश्चित्ताची सुरुवात येथे होते, अखेरच्या खटल्यात नव्हे. खटल्यात तर पुराव्याअभावी सुटकाच होते.

पत्नी नीला आणि मुलगा सूर्या यांचे मृत्यू, मुलगी चारुमतीचे तुटणे आणि तिचे पोलीस अधिकारी पाटीलशी लग्न ही कडीही याच हिशेबाची आहे. रक्ताच्या नात्यातूनही वेलूला माफी मिळत नाही, एवढे तिच्यातून स्पष्ट होते.

या चित्रपटाने गुन्हेगाराला देवत्व दिले, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप गंभीर आहे, कारण वेलूच्या दयाळूपणाला पडद्यावर खूप जागा मिळते. पण शेवटाकडे पाहिल्यावर तो टिकत नाही. न्यायालयातून सुटलेल्या वेलूला गोळी घालतो तो अजित केळकर, बापाचा मारेकरी कळल्यानंतर. ज्या घराला वेलूने पैसे पुरवले, त्याच घराला त्याचा निवाडा करण्याचा हक्क दिला आहे. हा शेवट वास्तवातून उचललेला नाही. चित्रपट आला तेव्हा वरदराजन हयात होते. १९८८च्या जानेवारीत मद्रासमध्ये त्यांना मृत्यू आला, तो गोळीने नव्हे. अजितच्या हातातले पिस्तूल ही सर्वस्वी पटकथेची निवड आहे.